भंडाऱ्याखाली झाकलेला पैसा

हे लिहायचंच नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. दोनदा बसलो, दोनदा उठलो. कारण साधं आहे. भ्या वाटत होतं. ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यांचं घर अजून गावात आहे, आन् आमच्या बायका त्यांच्याच विहिरीवर पाणी भरतात. दुसरं म्हणजे ह्या गोष्टीत मी पण आहे, आन् काही चांगल्या जागी नाही. पण न लिहून चैन पडंना. म्हणून जसं घडलं तसं लिहितो. शाळेत कधी गेलो नाही, आपलं आपणच शिकलो, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव शिरड शहापूरपासून दोन कोसावर. साल शेहेचाळीस. निजामाचं राज्य. लढाई संपून वरीस झालं होतं, टंचाई काही संपली नव्हती. कापड कुपनावर. घासलेट मिळालं तर मिळालं. आन् ज्वारी? ज्वारी पिकवणाऱ्याच्याच घरात नव्हती! लेव्ही होती ना. शेतकऱ्यानं ठरलेली ज्वारी सरकारच्या गोदामात नेऊन घालायची, मग त्याच ज्वारीसाठी रेशनच्या रांगेत उभं राहायचं.

आमच्या गावच्या गोदामावर कारकून होते तातेराव. गावचेच, मोठ्या जमिनीचे धनी. बोलायला गोड. रस्त्यात कुणी भेटलं की लेकराबाळांची चौकशी केल्याशिवाय पुढं जायचे नाहीत. माप घालायचं काम सेवाकडं. सेवा शेजारच्या लमाणांच्या तांड्यावरचा. पायली भरली की वरचा ढीग हातानं असा कापायचा की दाणा इकडचा तिकडं होत नसे. शेतकरी म्हणायचे, "सेवाचा हात लागला, आता बघायचं काम न्हाई."

आन् सटवाजी. माझा लहानपणापासूनचा दोस्त. मेंढरं राखणारा. ऐंशी मेंढरं, एक शेळी, एक तट्टू, बायको यशोदा आन् दोन वर्सांची पोरगी. मला अक्षरं वाचताना बघून तोच पहिल्यांदा 'मास्तर' म्हणाला, टिंगलीनं. मग सगळं गाव म्हणायला लागलं.

चोर रात्री येतो असं आपण समजतो. तातेराव भर दुपारी आले.

दिवाळी होऊन गेली होती. सटवाजीनं नुकतीच लोकर कातरली होती, बोचकी बांधून वाघुरीच्या कडंला ठेवली होती. वाघूर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. तातेरावांच्या बैलगाडीतनं एक बोचकं खाली उतरलं. वरून लोकरच.

"सटवा, एवढं एक ठेव तुझ्या बोचक्यांत."

"काय हाय मालक त्यात?"

"घरचे कागद हायेत. भाऊ वाटणी मागून राहिला, त्याच्या हाती नको पडायला. चार म्हयने ठेव. आन् बरं का, यंदा माझ्या सगळ्या रानात तुझीच मेंढरं बसव."

मेंढरं रानात बसवली की लेंडीचं खत पडतं, आन् रानाचा धनी बदल्यात ज्वारी देतो. सगळ्या रानात म्हणजे चार महिन्यांची भाकर! सटवाजीचं तोंड उजळलं.

तेवढ्यात तातेरावांनी खिशातनं पुडी काढली. हळदीचा भंडारा होता. वर बेलाचं पान.

"उचल. म्हण, ह्या बोचक्याबद्दल जिवंत माणसाला सांगणार न्हाई. पोरीच्या डोक्यावर हात ठिव."

आन् सटवाजीनं ठेवला!

आता बघा, आमी लोक शेळी घेताना तिचे दात बघतो, कास बघतो, खोकते का म्हणून अर्धा घंटा कान लावून बसतो. पण कुणी भंडारा पुढं केला की काहीच विचारत नाही. आधी उचलतो. विचार मागनं. खंडोबाची आण म्हटल्यावर विचारायचं कशाला? तातेरावांना हे बराबर ठाऊक होतं. कुलूप त्यांनी पैसा देऊन घेतलं नाही. आमच्याच देवाचं केलं.

दुसऱ्या दिवशी यशोदानं त्या बोचक्यात दाभण खुपसलं. सहज. लोकर ओली तर नाही ना बघायला. दाभण आत जाऊन अडकलं. ओढलं तर टोकाला कागदाचा तुकडा. निळसर, नक्षीचा.

"आवं, हे घरचं कागद न्हाईत. नोट हाय ही."

"तोंड बंद कर!" सटवाजी तिच्यावर कधी ओरडत नसे. त्या दिवशी ओरडला, आन् लगेच पोरीला उचलून छातीशी धरलं.

चंपाषष्ठीला तातेरावांनी गावजेवण घातलं. वांग्याचं भरीत, भाकरी, वर गुळाचा भात. रेशनच्या दिवसांत! पंगतीवर पंगती उठल्या. भिकाबाई एकटी म्हातारी, तिला लुगडं दिलं. ग्यानबा वाघ्याला नवा पटका. ग्यानबा म्हणजे आमच्या गावचा खंडोबाचा वाघ्या, चाळीस वर्सं भंडारा वाटतोय. मला काय दिलं सांगू? दोन बाटल्या घासलेट.

"घे मास्तर, वाच पोटभर," तातेराव हसून म्हणाले.

मी घेतलं. त्या उजेडात जोडाक्षरं शिकलो. हे घासलेट कुठून आलं, कुपनाशिवाय कसं आलं, मी विचारलं नाही. गावात कुणीच कुणाला काही विचारलं नाही. "देव माणूस," एवढंच म्हणत राहिलो.

चारच दिवसांनी गोदामाची तपासणी झाली. साठ पोती ज्वारी कमी.

तातेरावांनी कपाळाला हात लावला आन् म्हणाले, "माप तर सेवाच घालत होता."

बस्स. एवढंच पुरलं. चौकीवरचे दोन शिपाई आले, सेवाच्या हाताला दोरी बांधली. कालपर्यंत ज्याच्या हातावर डोळे मिटून भरवसा होता, त्याच्याबद्दल पारावर माणसं बोलत होती, "तांड्यावरचा ना तो? मग झालं!" मी पण मान हलवली. खोटं कशाला सांगू.

सेवाला औंढ्याला नेलं. येणाऱ्या जाणाऱ्याकडून कळायचं, मारून राहिलेत, कबूल कर म्हणतात. तहसीलदार दौऱ्यावर येतील, गोदामातच चौकशी होईल, आन् तिथनं त्याला थेट जेलात. हे पक्कंच धरलं होतं सगळ्यांनी.

सटवाजीचं जेवण तुटलं. मला काही सांगेना. पोरगी शिंकली तरी दचकायचा. एकदा मी म्हटलं, "तुला झालंय काय?" तर इकडं तिकडं बघून म्हणाला, "तू जिवंत माणूस हायेस ना? मग नको विचारू."

एका सकाळी सेवाची बायको सोमली आली. कडंवर लेकरू. घागरा मळलेला, डोळे कोरडे.

"यशोदाबाई, शेळीचं दूध हाय का थोडं? माझं आटलं. लेकरू रडून रडून गप झालंय."

यशोदानं तांब्या भरून दिला. सोमलीनं पायातला वाळा काढला.

"ठेव तो. आमी काय दुकान लावलंय व्हय?" यशोदा म्हणाली.

"घे गं. उद्या पुन्हा यायचंय मला. फुकट किती दिवस येऊ?" मग ती सटवाजीकडं वळली. "सटवा भाऊ, तुमी तर गोदामापाशी मेंढरं चारता. तुमी काही बघितलं का? कोणी गाडी भरताना? काहीबी?"

सटवाजीच्या पायाजवळच ते बोचकं होतं. त्यानं नुसती मान हलवली. न्हाई.

सोमली गेली. त्यानं त्या क्षणी मनात आणलं, की सांगून टाकावं. आन् त्याच दुपारी तातेरावांच्या रानात त्याची सगळ्यात चांगली मेंढी पाय झाडून मेली! तोंडाला फेस. घडीभरात खलास.

सटवाजी तिथंच खाली बसला. देवानं ऐकलं! नुसतं मनात आणलं तर मेंढी नेली, बोललो तर पोरगी नेईल!

त्यात संध्याकाळी तातेराव वाघुरीपाशी आले. पोरीच्या गालाला हात लावला.

"मोठी गोड पोर हाय. जप हं हिला. भंडाऱ्याचं लई कडक असतं."

एवढं बोलून गेले. हसतच गेले. त्या हसण्याची यशोदाला इतकी धास्ती बसली की तिनं पोरीला पदराखाली घेतलं ते सकाळपर्यंत सोडलं नाही. उजाडल्यावर तीच नवऱ्याला म्हणाली, "चला ग्यानबा बाबाकडं. बोचक्याचं सांगू नका. भंडाऱ्याचं तर विचारता येतं ना?"

मी त्या वेळी ग्यानबाच्याच अंगणात होतो, त्याला कागद वाचून दाखवत होतो. मी उठायला लागलो तर सटवाजीनं माझा हात धरला. 

"बाबा," तो म्हणाला, "भंडारा उचलून दिलेला शब्द मोडला तर काय होतं?"

ग्यानबानं त्याच्याकडं नीट बघितलं. "कोणता शब्द? खरं सांगायचा का खोटं झाकायचा?"

यशोदा रडायला लागली. "बाबा, त्या सेवाला मारून राहिले, आन् आमच्या घरात..." पुढं बोलली नाही, पण काही उरलंच नाही बोलायचं. सटवाजीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आन् मग हळूहळू सगळं बाहेर आलं. बैलगाडी, बोचकं, दाभण, मेली मेंढी.

"मेंढी कुठं चारत होतास?"

"तातेरावच्या रानात. कापलेल्या ज्वारीच्या खोडक्यांत."

"कोवळे फुटवे आले व्हते का खोडक्यांना?"

"व्हय."

"मग येड्या, किराळ लागली तिला! कोवळी ज्वारी खाल्ली की जनावर फेस टाकून मरतं, हे तुझ्या बापानं शिकवलं न्हाई का तुला? मेंढपाळाचं पोरगं तू, आन् देवावर आळ घेतोस?"

सटवाजीला ठाऊक होतं हे! सगळ्या मेंढपाळांना ठाऊक असतं. भीतीनं विसरला होता.

"पण बाबा, आण तर घेतली ना मी. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून."

ग्यानबानं आपली भंडाऱ्याची पिशवी मांडीवर घेतली. "चाळीस वर्सं वाटतोय हा. लोक हा उचलतात ते खरं बोलायला. तातेरावनं देवालाच चोरीच्या मालावर राखणीला बसवलं! खंडोबा काय त्याचा गडी हाय का? तू शब्द मोडशील तर देव सुटंल, ध्यानात घे."

"मग मी असं करतो," सटवाजी घाईनं म्हणाला, "बोचकं गुपचूप गोदामाच्या दारात ठेवून येतो. बोलत काहीच न्हाई. म्हणजे आण पण ऱ्हायली आन् पैसा पण गेला."

"आन् सकाळी ते कुणाचं निघंल? सेवाचंच की! म्हणतील तांड्यावाल्यांनी भिऊन आणून टाकलं. तोंडानं बोलावं लागंल, बाळा. सगळ्यांपुढं."

"मला लई भ्या वाटतंय बाबा."

"वाटू दे. भीत भीतच जा. भ्या जायची वाट बघत बसलास तर तोवर तो माणूस मरंल." म्हातारा थांबला, मग डोक्याला हात लावून म्हणाला, "आन् मी तरी कोण सांगणारा? हा पटका बघ. मला बी कळत व्हतं, असा तलम कपडा कुपनावर मिळत न्हाई. तरी बांधलाच ना डोक्याला!"

मी खाली बघितलं. माझ्या घरी दुसरी बाटली अजून अर्धी होती.

तहसीलदार आले तो दिवस. गोदामापुढं सतरंजी, खुर्ची. सगळा गाव गोळा. सेवाला आणलं. अकरा दिवसांत माणूस ओळखू येईना. उजवा हात सुजून पोटाशी धरलेला. सोमली लांब उभी.

तेवढ्यात मेंढरांचा आवाज. सटवाजी येत होता, सगळा कळप घेऊन. मधे तट्टू, तट्टावर लोकरीची बोचकी. तातेरावांचा गडी तीन दिवस वाघुरीवर नजर ठेवून होता, पण मेंढरं चारायला निघालेल्या माणसाला तो काय अडवणार?

"सटवा! मेंढरं इकडं काहून आणली रे?" तातेराव गरजले.

सटवाजी थांबला नाही. त्यानं ग्यानबापुढं तळहात पसरला. ग्यानबानं त्यावर भंडारा ठेवला. सटवाजीनं तो कपाळाला लावला, आन् एक बोचकं ओढून तहसीलदारांपुढं टाकलं.

"सरकार," तो म्हणाला, "सेवानं काही केलं न्हाई. हे बोचकं तातेराव मालकांनी माझ्याकडं ठेवलं. म्हयना झाला. मला ठाऊक व्हतं, आन् मी गप बसलो. मी!"

तातेराव हसले. तेच हसणं. "साहेब, सेवा आन् हा, दोघं दोस्त. दोघांनी मिळून खाल्लं, आता पचंना तर माझ्या अंगावर ओततात. त्यावर माझं नाव हाय का?"

शिपाई पुढं सरकले. एकानं सटवाजीचा दंड धरला सुद्धा. तहसीलदारांनी विचारलं, "गवाह कोण आहे?"

यशोदा म्हणाली, "मी हाय." तातेराव म्हणाले, "बायकोच ती!"

साठ-सत्तर माणसं होतो आम्ही. प्रत्येकाच्या घरात तातेरावांचं काही ना काही. सगळे जमिनीकडं बघत होते. सटवाजीनं गर्दीत माझ्याकडं बघितलं. मला सगळं ठाऊक होतं. मी त्याच्या तोंडून ऐकलं होतं.

मी उठलो नाही.

ग्यानबा उठला. डोक्यावरचा पटका सोडला आन् सतरंजीवर ठेवला. बोडक्या डोक्यानं उभा राहिला, जन्मात कधी गावापुढं तसा उभा राहिला नव्हता. "हा मला तातेरावनं दिला. कापड कुठनं आलं, इचारा त्याला. लेव्हीची ज्वारी विकून आलंय."

मग भिकाबाई. "माझ्या अंगावरचं लुगडं त्याचंच हाय, सरकार. हितं काढून देता येत न्हाई, म्हणून तोंडानं सांगते!" कुणीतरी हसलं, आन् त्या हसण्यानं जणू गाठ सुटली. एकजण गुळाची ढेप म्हणाला, एकजण धोतरजोडी. सगळे नाहीत. पण सात-आठजण बोलले.

बोचकं फाडलं. लोकरीच्या आत नोटांच्या गड्ड्या, आन् त्यांच्यात व्यापाऱ्याच्या चिठ्ठ्या. ज्वारीच्या किती गाड्या उचलल्या, किती पैसे द्यायचे राहिले, तातेरावांच्या नावानं. वसुली राहिली होती म्हणून जपून ठेवल्या होत्या! लोभानंच पुरावा सांभाळून ठेवला होता त्यांचा.

तातेराव खुर्ची नसताना बसले. धुळीत. शिपायांनी दंड धरून उठवलं आन् घेऊन गेले.

सेवाची दोरी सोडली. तीच दोरी सटवाजीच्या हाताला बांधली, कारण महिनाभर चोरीचा पैसा त्यानं घरात ठेवला होता. खरंच होतं ते. चार दिवस चौकीत राहून जामिनावर आला. सगळ्यात आधी पोरीच्या अंगाला हात लावून बघितला. पोरगी ठणठणीत! कळप पण. देवानं काही नेलं नाही. तातेरावांच्या रानातनं मिळायची ज्वारी मात्र गेली. तो हिवाळा सटवाजीनं फार वाईट काढला.

तो सेवाकडं गेला, तेव्हा मी सोबत होतो. सेवाची उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती. पायली धरायचा हात तो.

"अकरा दिस, सटवा," सेवा म्हणाला. "रोज वाटायचं, कुणीतरी येईल. तुला ठाऊक असंल असं सपनात बी आलं न्हाई."

सेवा लई वेळ तांड्याच्या वाटेकडं बघत राहिला. माफ केलं, असं तो म्हणाला नाही. "बस," एवढंच म्हणाला. सोमलीनं घोंगडं अंथरलं, आन् यशोदाकडं ठेवलेला वाळा सटवाजीनं खिशातनं काढून तिच्या लेकराजवळ ठेवला.

गाववाल्यांनो, आता तुमच्याशी बोलतो. आपल्याला वाटतं, काळा पैसा खाणारा एकच असतो, बाकी आपण गरीब, आपलं काय त्यात! पण तो पैसा एकट्याच्या घरात राहू शकत नाही. त्याला लपायला गरिबाचं बोचकं लागतं, गोड व्हायला गावाची पंगत लागते, पवित्र व्हायला देवाचा भंडारा लागतो. ह्यातलं एक एक आपणच पुरवतो. कुणी भ्यानं, कुणी लुगड्यासाठी, कुणी घासलेटाच्या दोन बाटल्यांसाठी. आन् त्याची किंमत भरायला भलत्याच माणसाला दोरीनं बांधून नेतात. म्हणून कुणी फुकट द्यायला आलं, तर आधी विचारा, कुठनं आणलं? आन् कुणी शपथ घालायला लागलं, तर शपथेच्या आधी बोचकं उघडा!

तांड्यावरनं परत येताना सटवाजी ओढ्यापाशी थांबला. पाण्यात पाय धुतले. मग माझ्याकडं न बघताच म्हणाला, "मास्तर, त्या दिवशी मी तुझ्याकडं बघितलं व्हतं."

"व्हय. मी बघितलं."

"काहून उठला न्हाईस रे?"

खोटं बोलायला पुष्कळ सुचलं. पण नाही बोललो. "भ्यालो," मी म्हटलं. "आन् घासलेट पण घेतलं व्हतं."

त्यानं धोतराच्या सोग्यानं पाय पुसले. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

"सटवा," मी म्हटलं, "ह्यापुढं असं काही झालं, कुणाचंबी असू दे, तर तू माझ्याकडं बघायच्या आधी मी उठलेला असंल. भंडारा न्हाई उचलत. नुसतं सांगतो तुला."